कापडावरची ओळ: विद्यापीठात ‘आफ्रिका’ शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात?

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी मशीद बंदरला एका कापडाच्या पेढीवर बिलं लिहायला होते. पेढीचा बराचसा माल दार-ए-सलामला जायचा आणि त्यात सगळ्यात जास्त असायचे कांगे. कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायकांचं रोजच्या वापरातलं सुती छापील वस्त्र. दीड मीटर लांब, मीटरभर रुंद. जोडीनं विकतात, एक कमरेला गुंडाळायचा, दुसरा डोक्या-खांद्यावरून घ्यायचा. चारी बाजूंना साडीसारखा रुंद काठ, मध्ये नक्षी आणि नक्षीच्या खाली छापलेली एक ओळ. आमच्या लेखी ती ओळ नक्षीतच जमा. नग मोजायचे, गाठी बांधायच्या, गोणपाटावर शाईनं नंबर टाकायचा, की आमचं काम संपलं.

एकदा तिकडच्या व्यापाऱ्यानं अख्खा लॉट उचलायला नकार दिला. रंग पक्का होता, कापड चोख होतं, मापही बरोबर. घोळ ओळीत होता. छापायचं होतं ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’, आणि छपाईत ‘हुजाझा’चं ‘हुजुझा’ झालं होतं. किबाबा हे धान्य मोजायचं जुनं माप, आपल्या शेर-पायलीच्या घराण्यातलं. म्हणीचा अर्थ, थोडं थोडं टाकत गेलं की माप भरतं. एका अक्षरानं ‘भरतं’चं ‘कळवतं’ झालं होतं. थोडं थोडं मापाला कळवतं! शेठ वैतागले, म्हणाले, एवढ्याशा अक्षरावरून कोणी माल अडवतं का? पण पैठणीच्या पदरावर ‘थेंबे थेंबे टळे साचे’ विणलेलं असेल, तर आपण तरी ती घेऊ का?

मला त्या दिवशी टोचलं ते वेगळंच. आमच्या पेढीवर ती ओळ वाचू शकणारं एकही माणूस नव्हतं. हजारो जोड्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यांवर काय लिहिलंय, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी मी आफ्रिका-अभ्यासाला नाव घातलं. तेव्हापासून मला लोक जे प्रश्न विचारत आले, त्यांची उत्तरं इथं सोप्या भाषेत मांडते.

पहिला प्रश्न आमच्या आत्याचा. ती म्हणाली, “आफ्रिकन भाषा शिकणार म्हणतेस, पण ती असते कशी गं?” साधा प्रश्न, पण त्यातच सगळं आलं. ‘आफ्रिकन’ नावाची भाषाच नाही. खंडात संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश आहेत आणि भाषा सुमारे दोन हजार. त्या भाषाही एकाच कुळातल्या नाहीत. उत्तरेकडची अरबी आणि इथिओपियाची अम्हारिक एका कुळातल्या. नायजेरियाची योरुबा, दक्षिणेची झुलू आणि पूर्व किनाऱ्याची स्वाहिली दुसऱ्या. शिवाय नाईल खोऱ्याकडच्या भाषा वेगळ्या आणि कालाहारीकडच्या, टाळूला जीभ लावून ‘टॉक्’ असा आवाज काढून बोलायच्या भाषा आणखी वेगळ्या. मराठी आणि तमिळमध्ये जितकं अंतर आहे, तितकं किंवा त्याहून जास्त अंतर त्या खंडात एका देशातसुद्धा सापडतं.

आकाराचंही तसंच. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखेच दिसायचे, आठवतंय का? गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचा भाग फुगतो, म्हणून ते तसं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या चौदापट आहे आणि भारताच्या नऊपट. म्हणून चांगला शिक्षक पहिल्याच तासाला सांगतो की ‘आफ्रिकेत असं असतं’ या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही. कुठं, कोणाच्यात, कधी, हे आधी सांगायचं.

हा अभ्यास चालतो तो ‘क्षेत्र-अभ्यास’ या पद्धतीनं. एरवी आपण विषय धरतो, इतिहास किंवा अर्थशास्त्र, आणि त्या विषयाचा हात धरून जगभर फिरतो. इथं उलटं आहे. भूभाग एकच धरायचा आणि त्याच्याकडे सगळ्या खिडक्यांतून बघायचं. कांग्याचंच घ्या. इतिहासवाला विचारेल, हे कापड झांझिबारच्या बाजारात कधी आणि कुठून आलं, भारतात ते का छापायला लागले. भाषेचा विद्यार्थी ओळ वाचेल. मानवशास्त्राचा विद्यार्थी बघेल की ही ओळ कोण कोणासाठी निवडतं. कारण शेजारणीशी तोंडानं भांडण्याऐवजी तिला लागेल अशा म्हणीचा कांगा नेसून तिच्या दारावरून जाणं, ही तिकडे चांगली रुळलेली रीत आहे. आई मुलीला देते त्यावरची ओळ वेगळी, नवरा बायकोला देतो त्यावरची वेगळी. अर्थशास्त्राचा विद्यार्थी स्थानिक गिरण्या आणि आयात माल यांचा हिशेब मांडेल. साहित्यवाला म्हणेल, ही तर चालती-बोलती म्हणींची वही. पाचही जणांना एका वर्गात बसवून एकमेकांची उत्तरं तपासायला लावलं, की झाला क्षेत्र-अभ्यास.

आता भाषेकडे येते. इथं मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या शिक्षणाचं खरं दार तेच आहे.

मुंबईतून सुरुवात करायची तर स्वाहिली सगळ्यात जवळची. केनिया, टांझानिया, युगांडा, काँगोचा पूर्व भाग इथं ती चालते. युनेस्कोच्या म्हणण्याप्रमाणे ती बोलणारे वीस कोटींच्या वर आहेत आणि ७ जुलै हा जागतिक किस्वाहिली दिवस म्हणून २०२१मध्ये जाहीर झाला. नाव अरबी ‘सवाहिल’वरून, म्हणजे किनारे. किनाऱ्यावरच्यांची भाषा, आपल्या भाषेत कोकणीच म्हणा. पहिल्या आठवड्यात मराठी विद्यार्थ्याला वाटतं की ही तर येतेच आपल्याला! दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, गोणीला ‘गुनिया’, धोब्याला ‘डोबी’. जेवणाच्या पानात ‘चपाती’ आणि ‘कचुंबरी’. पेरूला ते ‘पेरा’ म्हणतात. तो शब्द त्यांना आणि आपल्याला एकाच घरातून मिळाला, पोर्तुगिजांच्या. मोंबासाचा फोर्ट जीझस आणि वसईचा किल्ला हे दोन्ही एकेकाळी गोव्याच्याच हुकमतीखाली होते. पोर्तुगीज मात्र नाशपतीला ‘पेरा’ म्हणतात. दोन्ही किनाऱ्यांवर ते नाव जाऊन चिकटलं पेरूला. आणि माझा सगळ्यात लाडका शब्द, ‘गारी ला मोशी’. मोशी म्हणजे धूर. धुराची गाडी. आपण आगीवरून आगगाडी म्हटलं, त्यांनी धुरावरून.

दुसऱ्या महिन्यात मात्र भाषा आपला खरा चेहरा दाखवते. शब्द कुठूनही आलेले असोत, हाडं बांटू भाषांची आहेत, म्हणजे झुलू ज्या शाखेतली त्याच शाखेची. मराठीत नामाचं लिंग बदललं की विशेषण आणि क्रियापदही बदलतात, आणि बदल होतो शेवटाला: चांगलं पुस्तक पडलं, चांगली पुस्तकं पडली. स्वाहिलीत लिंग नाही, नामांचे गट आहेत, पंधराच्या आसपास. माणसांचा एक, झाडांचा एक, वस्तू-अवजारांचा एक. आणि बदल होतो सुरुवातीला. ‘किताबु किझुरी किमेआंगुका’, चांगलं पुस्तक पडलं. ‘विताबु विझुरी विमेआंगुका’, चांगली पुस्तकं पडली. बघा, ‘कि’ होता तिथं तिथं ‘वि’ आला.

यात एक गंमत लपली आहे. ‘किताबु’ हा शब्द अरबी ‘किताब’वरून आला. अरबीत त्यातला ‘कि’ हा मूळ शब्दाचाच तुकडा, तो सुटा होत नाही. पण स्वाहिली कानाला वाटलं, अरे, हा तर आपला ‘कि’ गट! आणि त्यांनी बेधडक अनेकवचन केलं, ‘विताबु’. परका शब्द घरात घेतला आणि त्याला घरचे नियम लावले. भाषा कशी जगते हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या एका शब्दानं जास्त शिकवलं. हाच ‘कि’ भाषांच्या नावांनाही लागतो: किस्वाहिली, किहिंदी. आपल्या भाषेला ते ‘किमराठी’ म्हणतात.

घड्याळाचंही सांगायला हवं. स्वाहिलीत दिवसाचे तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा तास. परदेशी माणूस इथं हमखास चुकतो आणि बस चुकवतो. आपल्या आजी-पणजीला हे समजवावं लागलं नसतं. सूर्योदयापासून घटका मोजायची सवय त्या पिढीला होती.

स्वाहिलीच घ्यावी असं काही नाही. योरुबा घेतलीत तर आधी कान तयार करावा लागेल. तिच्यात सुरांना अर्थ असतो. ‘ऑकॉ’ हा एकच उच्चार तीन वेगवेगळ्या पट्ट्यांच्या मेळानं नवरा, वाहन, कुदळ किंवा भाला होतो. गाणं शिकलेल्यांना ती लवकर येते, असा माझा अनुभव आहे. इथिओपियाकडे वळलात तर लिपी आपली वाटेल. गीझ लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असतात आणि मुलं ती रांगेनं घोकतात: बॅ, बु, बी, बा, बे, ब्, बो. ही त्यांची बाराखडी. डावीकडून उजवीकडेच लिहितात. अम्हारिक आजही त्याच लिपीत लिहितात आणि गीझमधली हस्तलिखितं शेकडो वर्षांची आहेत. आफ्रिकेला लेखनाची परंपरा नाही, असं ज्यांनी सांगितलं त्यांनी ती बघायचीच टाळली होती.

हे शब्द इकडून तिकडे गेले ते वाऱ्यावर, अगदी शब्दशः. हिवाळ्यात आपल्याकडून वारा नैर्ऋत्येला वाहतो. त्या वाऱ्यावर शिडाची जहाजं गुजरात-कोकणच्या बंदरांतून निघून लामू, मोंबासा, झांझिबारला पोचत. स्वाहिलीत या वाऱ्याला ‘कास्काझी’ म्हणतात. एप्रिलनंतर वारा फिरतो, तो ‘कुसी’; त्यावर परत यायचं. ऐन आषाढात समुद्र खवळलेला, तेव्हा कोणी निघत नसे. म्हणजे गेलेल्या माणसाला तिकडे काही महिने थांबणं भागच होतं. थांबला की उधारी आली, मैत्री आली, लग्न आलं, मुलं आली. भाषा अशा थांबण्यातून मिसळते. आणि जूनमध्ये मुंबईवर जो पाऊस कोसळतो, तो आणणारा जोरदार वारा विषुववृत्त ओलांडून केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळसा घेऊन येतो. आपण त्याला मोसमी म्हणतो, त्यांच्याकडे हंगामाला ‘म्सिमु’ म्हणतात. मूळ अरबी शब्द एकच.

इतिहासाच्या वर्गात पहिली अडचण येते साधनांची. जिथं कागद आहेत, तिथं आहेतच: मालीतल्या तिंबक्तू शहराची हस्तलिखितं आहेत, नायजेरियाकडच्या हौसा भाषेतलं आणि स्वाहिलीतलं, अरबी लिपीत लिहिलेलं वाङ्मय आहे. पण जिथं कागद नाहीत तिथं काय करायचं? पश्चिम आफ्रिकेत ‘जेली’ नावाचे वंशपरंपरागत कथेकरी असतात. इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांत त्यांना ग्रिओ म्हणतात. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाताची कथा त्यांनी तोंडी जपली. गोंधळी, भाट आणि शाहीर या तिघांना एकत्र करा, म्हणजे जेली कोण ते साधारण कळेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले बरेच इतिहासकार म्हणायचे की तोंडी सांगितलेलं ते काही इतिहास नव्हे. यान वान्सिना या बेल्जियन अभ्यासकानं आणि त्याच्या बरोबरीनं अनेक आफ्रिकी इतिहासकारांनी हे मोडून काढलं. तोंडी परंपराही तपासता येते: दोन गावांतल्या आवृत्त्या ताडून बघायच्या, कोणाच्या फायद्यासाठी काय वाढलंय ते शोधायचं, उत्खननाशी आणि भाषेतल्या शब्दांच्या वयाशी मेळ घालायचा. मराठी वाचकाला हे नवं नाही. बखर कशी वाचायची हे आपण शिकलोच आहोत. सगळी खरी मानायची नाही आणि सगळी फेकूनही द्यायची नाही.

डोळ्यांवर झापड बांधून साधनं वाचली की काय होतं, त्याचं उदाहरण ग्रेट झिंबाब्वे. अकराव्या ते पंधराव्या शतकांतलं दगडी नगर. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून उभारलेल्या भिंती, काही ठिकाणी ११ मीटरपर्यंत उंच. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते बघून पटेचना की हे इथल्या काळ्या माणसांनी बांधलं. कोणी फिनिशियन म्हटलं, कोणी शीबाच्या राणीचं नाव घेतलं. १९०५मध्ये एका पुरातत्त्वज्ञानं आणि १९२९मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी रीतसर उत्खननातून दाखवलं की बांधणारे स्थानिकच होते. आजच्या शोना लोकांचे पूर्वज. तरीही ऱ्होडेशियाचं (त्या देशाचं तेव्हाचं नाव) गोरं सरकार १९७०च्या दशकापर्यंत हे उघड मान्य करायला तयार नव्हतं. १९८०मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्यानं नावच घेतलं झिंबाब्वे, दगडाची घरं. त्या उत्खननांत चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आणि भारतातून गेलेले काचमणीही.

म्हणून या विषयात ‘काय शिकलो’इतकंच ‘हे कोणी लिहिलं’ हेही विचारावं लागतं. युरोपात या अभ्यासाची सुरुवात बरीचशी राज्य चालवायच्या सोयीसाठी झाली. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची भाषा आणि रीतभात कळायला हवी. त्या काळानं मागं ठेवलेला एक शब्द अजून आपल्या वर्तमानपत्रांत भेटतो: टोळी. नॉर्वेत ५५ लाखांच्या आसपास माणसं राहतात, ते राष्ट्र. योरुबा बोलणारे कोट्यवधी आहेत, त्यांची शहरं, राजघराणी, शिल्पकला शेकडो वर्षांची, आणि त्यांची मात्र ‘टोळी’. आपण मराठी माणसं ‘महाराष्ट्रातली एक टोळी’ असं वाचलं तर गप्प बसू का? मग त्यांनी तरी का बसावं?

स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेतल्या विद्यापीठांनीच ही दिशा बदलली. १९६३मध्ये घानातल्या लेगोनला आफ्रिका-अभ्यासाच्या संस्थेचं उद्‌घाटन घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी केलं. १९६८मध्ये नैरोबी विद्यापीठात न्गुगी वा थिओंगो, ओवुओर अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तीन अध्यापकांनी इंग्रजी विभागच बंद करा, अशी मागणी मांडली. त्यांना इंग्रजी साहित्य वाचायचं नव्हतं असं मुळीच नाही. त्यांचं म्हणणं होतं की नैरोबीत बसून साहित्य शिकायचं तर मध्यभागी पूर्व आफ्रिकेचं मौखिक आणि लिखित साहित्य हवं, बाकीचं जग तिथून पुढं बघू. मला हा युक्तिवाद पूर्ण पटतो आणि मुंबईच्या महाविद्यालयांतही तो लागू पडतो असं वाटतं.

भारतात दिल्ली विद्यापीठात आफ्रिका-अभ्यासाचा विभाग १९५५मध्ये सुरू झाला, आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या बांडुंग परिषदेच्याच वर्षी. मुंबई विद्यापीठाचं सेंटर फॉर आफ्रिकन स्टडीज १९७१चं, कलिना संकुलात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही असं केंद्र आहे. अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते थेट तिथंच जाऊन विचारावेत. नोकरीबद्दल पालक हमखास विचारतात आणि विचारणं बरोबरच आहे. ‘आफ्रिका-अभ्यास पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. पण निर्यात व्यापार, उपचारांसाठी पूर्व आफ्रिकेतून रुग्ण येतात ती रुग्णालयं, भाषांतर, पत्रकारिता, विकासकामं करणाऱ्या संस्था, परराष्ट्रसेवा, अध्यापन, इथं भाषा येणाऱ्या माणसाला मागणी असते. नुसत्या पदवीवर थांबू नका. एक भाषा बोलण्याइतकी आणि एक देश नीट, एवढं तरी हातात असू द्या.

आता मुंबईचं, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचं.

आपल्याकडे हा अभ्यास दूरचा मानतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण आपल्या इतिहासाची पानं त्यानं भरलेली आहेत. ‘हबशी’ हा शब्द हबेशवरून, म्हणजे इथिओपियावरून. मलिक अंबर तिथलाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याच्या धारेपद्धतीबद्दल, म्हणजे शेतसारा ठरवायच्या पद्धतीबद्दल, आपले इतिहासकार आदरानं लिहितात. १६१०मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. मुरूडचा जंजिरा सिद्दींचा. १६८९-९०मध्ये सिद्दी याकूतखानानं मुंबईला वेढा घातला होता, हे मुंबईकरांना सांगितलं की ते चकित होतात.

आणि नाशिकचा शरणपूर रोड. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथून रोज जात असतील. एकोणिसाव्या शतकात हिंदी महासागरातल्या गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनऱ्यांनी शरणपूरला ठेवून शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन गेला. त्याचं काळीज तिथं ज्या झाडाखाली पुरलं, त्या झाडावर मृत्युलेख कोरला तो नाशिकला लिहायला शिकलेल्या या तरुणानं. मग सोबत्यांनी तो देह हजार मैलांहून जास्त अंतर खांद्यावर वाहून किनाऱ्याला आणला आणि १८७४मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला वेनराइट हजर होता. पुढं शरणपूरच्या अनेकांना मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन नावाच्या वस्तीत नेलं. वस्तीला नाव मुंबईच्या एका माजी गव्हर्नराचं, आणि त्या लोकांना तिकडे म्हणायचे ‘बॉम्बे आफ्रिकन्स’.

सिद्दी मुबारक बॉम्बे हे नावही लक्षात ठेवा. पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजातला मुलगा, गुलाम म्हणून भारतात आला, मालक वारल्यावर सुटला आणि आफ्रिकेला परतला. नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीक या इंग्रजाचा तो उजवा हात होता. जंगलात त्या दोघांचं बोलणं चालायचं हिंदुस्थानीत. इंग्रजांच्या पुस्तकांत ‘शोध लावला’ म्हणून एकाचंच नाव मोठं आलं. दुसऱ्याबद्दल वाचायचं तर ओळींच्या मधून वाचावं लागतं.

त्यांचे वारस आज गुजरातेत, कर्नाटकात, मुंबईतही आहेत. गुजरातचे सिद्दी ‘गोमा’ नाचतात. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाचही. तरीही संध्याकाळच्या लोकलमध्ये आफ्रिकी विद्यार्थ्याच्या शेजारची जागा रिकामी राहिलेली मी बघितली आहे. वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच आपण कौतुकानं फोटोत घेतो. ते झाड आफ्रिकेचंच. झाडाला घर दिलं, मग माणसाला का नाही? मी तेव्हा जाऊन त्या जागेवर बसते आणि ‘हबारी गानी?’ विचारते, म्हणजे काय खबर. तो मुलगा नायजेरियाचा असेल तर त्याला ते कळत नाही, तो इंग्रजीत सांगतो की आमच्याकडे असं म्हणत नाहीत. मग मी त्याला विचारते, तुमच्याकडे कसं म्हणतात.

शेवटी एक गोष्ट मराठी विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम. नैरोबीचा किंवा लंडनचा संशोधक स्वाहिली आणि अरबी वाचेल. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारातले झांझिबारचे इंग्रजी कागदही तो वाचेल. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात झांझिबारचा ब्रिटिश प्रतिनिधी मुंबई सरकारला पत्रं लिहायचा. पण जंजिऱ्याच्या सिद्दींशी झालेला मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत आहे, पुण्याच्या पेशवे दफ्तरासकट. कच्छी-गुजराती पेढ्यांचे चोपडे त्यांच्या लिपीत आहेत. त्या खंडातून आलेल्या माणसांच्या इतिहासाचा हा भाग वाचायला जी भाषा लागते, ती आपल्या घरात बोलली जाते. मोडी तीन-चार महिन्यांत वाचण्याइतकी येते. तिच्या जोडीला आठवड्यातून दोन तास स्वाहिली सुरू करा, आणि सुरुवातीला ‘कि’चा ‘वि’ करायला विसरलात तर घाबरू नका, सगळेच विसरतात.